बदकांना पाव बंद

टाचणीकाकूंना गल्लीत कोणी खऱ्या नावाने हाक मारत नसे. शिवताना दोन-तीन टाचण्या कायम ओठांत धरलेल्या, आणि त्या तशाच धरून त्या बोलतही असत, म्हणून हे नाव पडलं. पंचवीस वर्षं रस्त्याकडच्या खोलीत, एकाच मशीनवर, त्यांनी लोकांचे कोट ढिले केले आणि पँटी आखूड केल्या. एखाद्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धं बोट खाली असेल, तर तो माणूस उंबरा ओलांडेपर्यंत त्यांना ते कळलेलं असे.

त्यांच्याकडे बदकं आली ती अशाच एका कोटाबरोबर. शाळेतल्या विज्ञानाच्या बाई कोट ढिला करायला घेऊन आल्या, तेव्हा त्यांच्या दुसऱ्या हातात भोकं पाडलेलं खोकं होतं. वर्गात अंडी उबवायचा प्रयोग केला होता. प्रयोग यशस्वी झाला आणि तिथेच पंचाईत झाली.

"काकू, तुमच्या मागे अंगण आहे ना? दोनच दिवस ठेवा," बाई म्हणाल्या.

कोट त्या चार दिवसांनी घेऊन गेल्या. खोक्याचा विषय त्यांनीही काढला नाही आणि काकूंनीही काढला नाही, कारण तोवर पिल्लांची नावं ठेवून झाली होती: हुक, बटण, काज आणि बॉबिन. एकदा नाव ठेवलं की परत कसं करायचं?

काकूंना एकच मुलगी. ती नर्स होती आणि एका वर्षाच्या शिक्षणासाठी दूरच्या शहरात गेली होती. जावई मात्र गावातच होता. त्याची बेकरी होती, आणि भट्टी पाठीला बांधून काही बायकोच्या मागे जाता येत नाही. जाताना मुलीने त्याला बजावलं होतं, "आईकडे रोज एक फेरी मारत जा." तो शब्दाचा पक्का. रोज संध्याकाळी पाचच्या ठोक्याला दारात हजर.

"बरं आहे ना, आई?"

"बरं आहे. तुमचं?"

"बरं आहे."

इथे दोघांचंही बोलणं संपायचं. काकू मशीनकडे बघायच्या, जावई छताकडे बघायचा. चहा व्हायचा, कप रिकामा व्हायचा, आणि दोघांनाही सुटल्यासारखं व्हायचं.

पिल्लं आली आणि हे सगळं पालटलं. दुसऱ्याच दिवशी जावई येताना कागदी पिशवीत उरलेले पाव घेऊन आला. अंगणात उकिडवा बसून त्याने तुकडे करून टाकले, तशी चारही पिल्लं एकमेकांच्या अंगावरून उड्या मारत धावली. बॉबिन तर त्याच्या बुटावर चढून थेट पिशवीतच घुसली. आणि जावई हसला. साधंसुधं नाही, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. लग्नानंतरच्या चार वर्षांत काकूंनी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. त्या ओठांतल्या टाचण्या काढून ठेवून मागच्या पायरीवर येऊन बसल्या.

मग रोज तेच. पाच वाजले की पिल्लं कुंपणाशी जाऊन उभी राहायची. जावई पाव टाकायचा, आणि पाव टाकता टाकता दोघं चक्क गप्पा मारायची. काकूंना कळलं की त्याला लहानपणी चित्रकार व्हायचं होतं. त्याला कळलं की काकूंना पोहता येतं. मुलीचा फोन आला की ती विचारायची, "आज पण एवढा वेळ? बोलता तरी काय तुम्ही दोघं?"

पिल्लं सहा आठवड्यांची व्हायला आली होती. पिवळी लव झडून पांढरी पिसं फुटत होती. एके दिवशी सकाळी पाणी भरताना काकूंची नजर हुकवर गेली आणि तिथेच थांबली. त्याचा डावा पंख अंगाला चिकटून बसत नव्हता. टोकाची पिसं बाहेरच्या बाजूला वळली होती, जणू कोणी नवख्याने बाही उलटी लावली असावी. काकूंनी पंख हाताने नीट मिटून बसवला. हात काढताच तो पुन्हा बाहेर. त्यांनी मग चारही पिल्लांना ओळीने धरून पाहिलं. बटणचा उजवा पंखही किंचित, अगदी दोऱ्याएवढा, बाहेर झुकला होता. दुसऱ्या कोणाला दिसलाही नसता.

काकूंनी दाराला कुलूप लावलं, दोघांना कपड्यांच्या टोपलीत घातलं, आणि थेट जनावरांच्या डॉक्टरांकडे गेल्या.

डॉक्टरीणबाई उंच, रुंद, आणि बोलायला फटकळ होत्या. त्यांनी हुकचा पंख उलगडला, मिटला, आणि पहिलाच प्रश्न टाकला, "खायला काय घालता?"

"पाव," काकू म्हणाल्या. "ताजा असतो हो. जावयाची बेकरी आहे."

"किती?"

"खातील तितका."

"आणि बाकी काय?"

बाकी म्हणजे कधी भात, कधी बिस्किटाचा चुरा. पण पोट पावानेच भरल्यावर बाकीचं कोण खाणार?

डॉक्टरीणबाईंनी काकूंचं बोट धरून नव्या पिसाच्या मुळावर टेकवलं. मूळ गरम आणि टचटचीत लागलं. "वाढत्या पिसात रक्त भरलेलं असतं, म्हणून ते जड असतं. पावाने पिल्लू नुसतं फुगतं, पिसं भराभर वाढतात, पण तो भार उचलणारा सांधा कोवळाच राहतो. त्याला हवं ते पावात नसतंच. मग सांधा पिळतो आणि पंख असा बाहेर पडतो. लहान मुलाच्या पाठीवर विटांनी भरलेलं दप्तर द्यावं, तसं चाललंय हे."

काकूंनी हुकला जवळ ओढलं. "मग आता?"

"आता पाव बंद. आजपासून. तुकडासुद्धा नाही." त्यांनी कागदावर लिहून दिलं: बदकांचं तयार खाद्य, मोजून. सोबत वाटाणे, कोबीची पानं, काकडी. खाताना शेजारी खोल पाणी हवंच, निदान डोकं बुडेल इतकं. आणि ब जीवनसत्त्वातलं नायसिन, जे बदकाच्या पिल्लाला कोंबडीच्या पिल्लापेक्षा कितीतरी जास्त लागतं. मग त्यांनी स्वतःलाच चिकटणारी पट्टी घेऊन पंख मिटलेल्या स्थितीत कसा बांधायचा ते दाखवलं. रोज सोडून बघायचं, पुन्हा बांधायचं, आठवडाभर.

"हे छोटं प्रकरण सुटेल," त्या बटणकडे बघून म्हणाल्या. मग हुककडे पाहिलं. "याचं सांगता येत नाही. उशीर झालाय. पण प्रयत्न करू."

काकू टोपली घेऊन घरी आल्या तेव्हा त्यांना बदकांपेक्षा मोठी काळजी लागली होती. जावयाला सांगायचं कसं?

'अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर' म्हणतात. काकूंचा जावई डॉक्टर नव्हता, पण जागा तितकीच अवघड होती. त्याला एक जुनं कारण होतं. चार वर्षांपूर्वी मुलीने लग्नाचं सांगितलं, तेव्हा काकू तोंडातल्या टाचण्यांसकट फणकारल्या होत्या, "एवढी शिकलीस आणि पाववाला शोधलास?" आणि दाराकडे वळल्या, तर हा बाहेर वाकून बूट काढत होता. एक बूट काढलेला, एक पायात. त्याने ऐकलं की नाही, हे काकूंना आजवर कळलं नव्हतं, आणि विचारायची छाती झाली नव्हती. आता त्याच तोंडाने त्याला सांगायचं, की बाबा, तुझ्या पावाने पिल्लं अधू केली?

त्यांनी तोंडात मूग धरले. संध्याकाळी जावई आला तेव्हा त्यांनी दारातच पिशवी हातातून घेतली. "आज पिल्लं जरा दमलीत. मी घालते नंतर."

"मी थांबतो की."

"नको नको. तुमची कामं असतील."

दुसऱ्या दिवशी पिल्लं झोपली होती. तिसऱ्या दिवशी अंगणात चिखल झाला होता, पाऊस नसताना. जावई दारातूनच परत जाऊ लागला आणि काकूंच्या घरात पाव साचू लागले. सकाळी पाव, दुपारी पाव, रात्री पाव खाऊन त्यांच्या घशाखाली घास उतरेना. पँट आखूड करायला आलेल्या गृहस्थांच्या हातात त्यांनी पँटीबरोबर चार पाव ठेवले. ते बिचारे पँटीची शिवण तपासावी तसे पाव उलटेपालटे करून बघत गेले. तरीही उरलेले त्यांनी चिंध्यांच्या पेटीत दडवले. तिथे मुंग्यांनी रांग लावली. आणि पट्टी बांधायचं म्हणावं, तर हुकला काखेत धरून एका हाताने पंख मिटायचा आणि दुसऱ्याने पट्टी गुंडाळायची, हे एकट्याने जमेना. एकदा जरा घट्ट झाली, एकदा सुटून पाण्यात पडली.

सहाव्या दिवशी पाच वाजले, साडेपाच झाले. जावई आला नाही. सातव्या दिवशीही नाही.

आठव्या दिवशी सकाळी मुलीचा फोन आला. "आई, तू त्याला काय बोललीस?"

"काही नाही."

"तेच तर. तो म्हणतो, आईंना माझं येणं नको झालंय, दारातून आत घेत नाहीत. खरं सांग."

काकूंनी खरं सांगितलं, सगळं, मुंग्यांसकट. मुलगी म्हणाली, "आई, हे मला कशाला सांगतेस? उठ आणि त्याला सांग."

चार वर्षांत काकू बेकरीच्या मागच्या खोलीत कधी गेल्या नव्हत्या. दुपारी तीनची वेळ होती, भट्ट्या निवलेल्या. जावई लाकडी मेजावर उद्याचं पीठ मळत होता. कोपरापर्यंत पांढरा, पाठीवर घामाचा मोठा डाग. काकू क्षणभर दारात उभ्या राहून बघत राहिल्या. कापडावरून हात फिरवताना त्यांचा स्वतःचा हात जसा चालतो, तसाच त्याचा पिठावरून चालत होता, न बघता, न थांबता. हातात कसब असलेला माणूस त्यांना लगेच ओळखू यायचा. मग इथेच कशा चुकलो आपण?

त्याने वर पाहिलं आणि दचकला. "आई? तुम्ही? काय झालं? कोणाला काही..."

"कोणाला काही नाही. बसायला आहे का कुठे?"

त्याने पिठाचं पोतं झटकून दिलं. काकू बसल्या आणि एका दमात बोलून मोकळ्या झाल्या. हुकचा पंख, डॉक्टरीणबाई, पाव, चिंध्यांची पेटी. जावई ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून काकू तयार होत्या. पण राग आलाच नाही. तो हळूच शेजारच्या पोत्यावर टेकला.

"म्हणजे हुकचा पंख माझ्यामुळे गेला," तो म्हणाला.

"तुमच्या एकट्यामुळे कसा?"

"पाव माझा होता ना."

"अरे, पाव तुझा, पण बदकं माझी ना! काय घालावं ते मी कोणाला विचारलं? तू आपला मायेने घेऊन येत होतास, आणि मी शहाणी पाच दिवस तुला दारातूनच परत पाठवलं! अक्कल कोणाची गहाण पडली होती, तुझी की माझी?"

बोलून झाल्यावर काकूंच्या लक्षात आलं, की चार वर्षांचं 'अहो-जाहो' कुठल्या कुठे उडालं. त्यांनी जीभ चावली. "म्हणजे... तुम्ही..."

"राहू द्या, आई," जावई म्हणाला. "हेच बरं वाटतं."

आता एवढं उसवलंच होतं, तर काकूंनी शेवटचा टाकाही काढला. "त्या दिवशी तू दाराबाहेर होतास. मी पाववाला म्हणाले तेव्हा. ऐकलं होतंस?"

"एक बूट पायात होता," तो म्हणाला. "म्हणजे ऐकलंच."

"मग बोलला का नाहीस कधी?"

"काय बोलणार? पाववालाच आहे की मी." आणि तो थोडा हसला.

"चुकलं माझं," काकू म्हणाल्या. हे दोन शब्द त्यांनी शेवटचे कधी उच्चारले होते, त्यांनाच आठवेना. जावई उठला, त्याने पिठावर ओलं फडकं टाकलं. "हात धुऊन येतो. पट्टी दोघांनी बांधायचं काम आहे."

तो तसाच एप्रन घालून निघाला.

त्या संध्याकाळपासून अंगणाचा कारभार शिस्तीला लागला. जावई बेकरीतला छोटा तराजू घेऊन आला. उगाच मूठभर-पसाभर नाही. पीठ तोलतो तसं त्याने खाद्य तोलून डब्यांत भरलं. नायसिन म्हणजे काय म्हणून त्याने डॉक्टरीणबाईंना फोन केला, आणि यीस्टमध्ये ते असतं हे ऐकल्यावर त्याचे डोळे चमकले. यीस्ट तर त्याच्या हातचं! "तुमचं पाव फुगवायचं जिवंत यीस्ट अजिबात नको," बाई फोनवर ओरडल्या, "पोटात जाऊन फुगेल. खायचं सुकं यीस्ट वेगळं मिळतं, ते आणा." त्याचा यीस्टचा व्यापारी ते ठेवत होता. दुसऱ्याच दिवशी पिवळट भुकटीचा डबा आला. ओल्या वाटाण्यांवर ती भुकटी चिमटीने भुरभुरताना जावई इतका गंभीर दिसायचा, की जणू राजाघरच्या लग्नाचा केक सजवतोय.

पहिले दोन दिवस बदकांनी संप केला. वाटाण्यांकडे बघून मान फिरवली आणि पिशवी कुठे आहे म्हणून जावयाचे खिसे चोचीने तपासले. बॉबिनने तर त्याला चावून निषेध नोंदवला. तिसऱ्या दिवशी त्याने वाटाणे टबातल्या पाण्यात टाकले. ते तळाशी गेले, आणि बुड्या मारून शोधायचा खेळ एकदाचा कळल्यावर पाण्यात एक दाणा उरला नाही.

काकूंनी पट्टीसाठी अस्तराच्या मऊ कापडाची आतली घडी शिवली, म्हणजे पिसांना काचणार नाही. जावई पिल्लाला पोटाशी धरायचा, काकू पंख मिटून माप घेतल्यासारखी पट्टी फिरवायच्या. "श्वास घे बाबा," त्या म्हणायच्या, आणि जावयाला कळायचं नाही की हे हुकला सांगितलं की त्याला.

आठवड्याने बटणची पट्टी सोडली. पंख अंगाला अलगद चिकटून बसला, मापात शिवलेल्या बाहीसारखा. दोघांचा जीव भांड्यात पडला. मग हुकची सोडली. पंख क्षणभर जागेवर राहिला, आणि हळूहळू पुन्हा बाहेर वळला. जावयाने तो बोटाने मिटून पाहिला, पुन्हा तेच.

दोघं हुकला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी सांधा चाचपला. "हा कायमचा असाच राहणार," त्या म्हणाल्या. "पण दुखत नाही त्याला. पोहेल, खाईल, हुंदडेल, भरपूर जगेल. आणि एक सांगते. तुम्ही दोऱ्याएवढा फरक बघून दुसऱ्याला घेऊन आलात, म्हणून तो वाचला. घरी असलेले दोघेही वाचले. लोक पंख मातीत लोळायला लागल्यावर येतात."

जावयाने हुकच्या मानेवरून हात फिरवला. "तुम्ही तेव्हा स्पष्ट बोललात म्हणून, डॉक्टर. नाहीतर मी अजून पाव टाकत असतो."

काकूंना आभाराचं बोलणं जमत नसे. त्यांची नजर बाईंच्या पांढऱ्या कोटाकडे गेली. उजवा खिसा एका बाजूने उसवून लोंबत होता. "काढा तो," त्या म्हणाल्या.

"काय काढू?"

"कोट. तुमचा खिसा बघवत नाही मला." तपासणीच्या टेबलाशी उभ्या राहून, पिशवीतला सुईदोरा काढून काकूंनी दोन्ही खिसे असे पक्के केले, की कोट झिजून गेला असता तरी खिसे राहिले असते. फटकळ डॉक्टरीणबाई तोपर्यंत हाफ बाह्यांत गप्प बसून होत्या. शेवटी कोट चढवून त्यांनी खिशात हात घातला आणि म्हणाल्या, "आता यात खरंच काहीतरी ठेवता येईल."

पुढच्या महिनाभरात पिसं भरून आली. दाट, पांढरीशुभ्र, पाणी पडलं तर थेंब घरंगळून जावा अशी. काज आणि बटण अंगणाच्या एका टोकाकडून पंख फडफडवत धावत सुटायची आणि चार पावलं जमिनीवरून अधांतरी जायची. हुकही त्यांच्यामागे धावायचा, एक पंख मिटलेला, एक बाहेर, आणि सगळ्यांत मोठ्याने ओरडत. त्याला आपल्यात काही कमी आहे हे कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे पाण्यावर पहिला हक्क त्याचाच.

अशाच एका संध्याकाळी काकू पायरीवर बसल्या होत्या. जावई कोबी बारीक चिरत होता. उन्हं भिंतीवरून उतरत होती आणि चारही बदकं टबाच्या कडेला डोकी बुडवून पाणी उडवत होती. काकूंच्या मनात कितीतरी दिवस एक गोष्ट घोळत होती. हा नसता तर हे वर्ष कसं गेलं असतं? मशीन, चहा, भिंत. मुलगी परतेपर्यंत दिवस मोजत बसणं. त्याऐवजी रोज पाच वाजता कोणीतरी येतं, याची त्यांना सवय झाली होती. चांगली सवय.

"तू आलास ते बरं झालं," त्या म्हणाल्या.

"आज जरा उशीरच झाला, आई. भट्टीचं दार अडकलं होतं."

"आजचं नाही म्हणत मी."

जावयाची सुरी कोबीवर थांबली. त्याने वर पाहिलं, पण काकू टबाकडे बघत होत्या. थोडा वेळ तोही तिकडेच बघत राहिला.

"बॉबिन सगळे वाटाणे एकटीच खातेय," शेवटी तो म्हणाला.

"खाऊ दे," काकू म्हणाल्या. "आहेत अजून."